तीनची डबी

मुलांनो, आमच्या बोरीत 'एजंट' म्हटलं की लोकांना एक तर विम्याचा एजंट आठवतो, नाही तर बियाण्याच्या कंपनीचा. दोघंही मोटारसायकलवर येतात, पारावर बसतात, चहा पितात आणि गोड बोलतात. पण संगणकवाल्यांच्या भाषेत एक तिसराच एजंट असतो. तो चहा पीत नाही. त्याला एखाद्या खेळाच्या अंगणात सोडून द्यायचं असतं. अंगणात काय चाललंय ते त्यानं आपलं आपण बघायचं, काय करायचं ते आपलं आपण ठरवायचं, केल्यावर काय झालं ते लक्षात ठेवायचं आणि पुढच्या वेळी जरा बरं खेळायचं. कुणी कानात सांगणार नाही.

मी त्याला 'खेळगडी' म्हणतो. एजंटपेक्षा हा शब्द मला आवडतो. गणकयंत्र म्हणजे कॅलक्युलेटर हा सांगकाम्या. सात गुणिले आठ सांगा, छप्पन्न देतो, आणि उद्या विचारलं तरी तसाच छप्पन्न देतो. काल हजार गुणाकार केले म्हणून तो आज शहाणा होत नाही. खेळगडी मात्र काल हरला असेल तर आज वेगळं काहीतरी करून बघतो.

आता तुम्ही म्हणाल, सर, असा खेळगडी बनवायचा तर मोठा संगणक पाहिजे, इंटरनेट पाहिजे. तसं काही नाही. आम्ही यंदा चौथीच्या वर्गात तो काडेपेटीच्या रिकाम्या डब्यांचा केला. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नसतो. डब्यांना वीज लागत नाही.

ही युक्ती माझी नाही बरं का. डोनाल्ड मिची नावाचे एक ब्रिटिश शास्त्रज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्याचं काम त्यांनी केलं होतं. १९६१ साली त्यांना फुल्ली-गोळा शिकणारं यंत्र करून बघायचं होतं, पण त्यासाठी हाताशी संगणक नव्हता. मग त्यांनी ३०४ काडेपेट्या घेतल्या. फुल्ली-गोळ्याचा पट जितक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी यंत्रापुढे येऊ शकतो, त्यातल्या प्रत्येक तऱ्हेसाठी एक पेटी. प्रत्येक पेटीत रंगीत मणी, आणि एकेक रंग म्हणजे पटावरचं एकेक घर. पटाच्या चित्राची पेटी शोधायची, हलवायची, जो मणी निघेल त्या घरात खूण करायची. यंत्र जिंकलं तर त्या रंगाचे आणखी मणी टाकायचे, हरलं तर काढून घ्यायचे. बस्स, एवढंच. सुरुवातीला अगदी वेड्यासारखं खेळणारं ते काडेपेट्यांचं कपाट खेळता खेळता चांगलं तयार झालं.

तीनशेचार पेट्या बोरीत कुठून आणायच्या? म्हणून मी सोपा खेळ घेतला. तुम्हीही घरी करू शकाल. दहा चिंचोके मांडायचे. दोघांनी आळीपाळीनं उचलायचे, एका वेळी एक किंवा दोन. शेवटचा चिंचोका ज्याच्या हातात आला, तो जिंकला.

आता डब्या. एका डबीवर १० लिहायचं, दुसरीवर ९, तिसरीवर ८, असं २ पर्यंत. एकच चिंचोका उरला तर विचार करायचा प्रश्नच नाही, उचलायचा. प्रत्येक डबीत दोन लाल मणी आणि दोन पिवळे. लाल म्हणजे एक उचल, पिवळा म्हणजे दोन उचल. (मण्यांऐवजी ज्वारी आणि तूर घ्या, असं एकानं सुचवलं होतं. पण डोळे मिटले तरी ज्वारी कुठली आणि तूर कुठली हे बोटांना बरोबर कळतं. म्हणून एकाच आकाराचे मणीच बरे.) पहिली खेळी डब्यांची. समोर दहा चिंचोके आहेत ना, मग दहाची डबी उघडा, न बघता एक मणी काढा, तो म्हणेल तेवढे उचला, आणि मणी डबीपुढे ठेवून द्या. मग समोरच्या मुलाची पाळी. त्यानं उचलल्यावर जितके उरले, त्या आकड्याची डबी.

डब्यांच्या वतीनं चिंचोके उचलायला एक मुलगा बसवला. त्यानं स्वतःचं डोकं वापरायचं नाही, मणी सांगेल तेच करायचं, असा नियम. चौथीच्या पोरांना हा नियम फार जड गेला! डबीतून वेडावाकडा मणी निघाला की तो बिचारा तळमळायचा, "सर, म्या असं केलं नसतं, हे डबीनं केलं."

पोरांनी त्या नऊ डब्यांचं नाव ठेवलं डब्बूराव.

डब्बूराव हरला की काय करायचं? पहिल्यांदा आम्ही फक्त शिक्षेचा नियम ठेवला. हरला तर त्यानं शेवटी ज्या डबीतून मणी काढला, तो मणी जप्त. बाकीचे मणी आपापल्या डबीत परत. जिंकला तर सगळेच परत, बक्षीस काही नाही.

डी.एड.ला असताना आम्हाला बालमानसशास्त्राच्या पुस्तकात थॉर्नडाइकची मांजर होती. त्या वेळी ती मी परीक्षेपुरती पाठ केली होती. १८९८ साली अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी भुकेल्या मांजराला एका खोक्यात कोंडलं, आणि खोक्याबाहेर खाऊ ठेवला. आतली दोरी ओढली किंवा दांडा दाबला की दार उघडायचं. मांजर आधी ओरबाडायचं, चावायचं, उड्या मारायचं. चुकून केव्हातरी कळ दाबली जायची आणि दार उघडायचं. परत परत कोंडल्यावर त्याचा वेळ कमी कमी होत गेला. ज्या कृतीनंतर चांगलं काही घडतं ती कृती पक्की होते, हा झाला परिणामाचा नियम. डब्बूराव म्हणजे तेच मांजर. फक्त त्याला नखं नाहीत. आणि गंमत बघा, खेळगड्यांना शिकवण्याचं आजचं जे शास्त्र आहे त्याचं मूळही तिथंच आहे. ते शास्त्र ज्यांनी उभं केलं त्या अँड्र्यू बार्टो आणि रिचर्ड सटन या दोघांना २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. संगणकाच्या क्षेत्रातला तो सर्वांत मोठा मान.

तर डब्बूराव हरू लागला. पोरं खूश! एकेक मणी जप्त होत गेला. दोनच्या डबीतला लाल मणी गेला, कारण दोन चिंचोके उरलेले असताना एकच उचलणं म्हणजे समोरच्याला ताट वाढून देणं. चारच्या डबीतला पिवळा गेला. आणि तीनची डबी तर भराभर रिकामी व्हायला लागली. लाल निघाला तरी हार, पिवळा निघाला तरी हार.

तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. ती वर्गात फारसं बोलत नाही. दर वर्षी दिवाळी झाली की ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाते आणि पाडव्याच्या मागंपुढं परत येते. म्हणजे तिची शाळा अर्धीच. ती म्हणाली, "सर, तीनच्या डबीचा काय गुन्हा हाय? एक उचलला तरी ती हरतीय, दोन उचलले तरी हरतीय. मग मणी तिचेच कामून काढायलेत?"

वर्ग हसला. मी नाही हसलो. कारण ती जे विचारत होती, त्यावर मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं डोकं खाजवलंय. हार होते शेवटी, पण ती ठरलेली असते कितीतरी आधी. मग दोष कुणाच्या खात्यावर लिहायचा?

मी म्हटलं, "तू सांग, कुणाचा गुन्हा?"

ती पुढं आली, चिंचोके मांडून बघत बसली. मग म्हणाली, "ज्यानं तिला तीनवर आणून सोडलं त्याचा. पाचाच्या डबीनं एकच उचलला म्हणून पुढच्यानं एक उचलला आन तीन राहिले. पाचानं दोन उचलायला पाहिजे होते."

अगदी बरोबर. आणि आमच्या नियमातही ते हळूहळू घडतच होतं. तीनची डबी पुरती रिकामी झाली की डब्बूरावाला पुढं खेळताच येत नाही, तो हार कबूल करतो. मग शेवटचा मणी ज्या डबीतून निघाला, तिच्यावर जप्ती येते. म्हणजे पाचाच्या डबीतला लाल. पुढं सहाची डबीही अशीच रिकामी झाली, कारण सहावरूनही सुटका नाही. मग जप्ती आणखी मागं सरकली, आठाच्या डबीतल्या लाल मण्यांपर्यंत, आणि शेवटी थेट दहाच्या डबीतल्या पिवळ्यापर्यंत. एकेक डाव मागं, एकेक डाव मागं. नऊची डबी मात्र भरलेलीच राहिली. ती उघडायची वेळच येत नाही! का येत नाही, ते तुम्ही शोधा.

तिसऱ्या दिवशी डब्बूराव कुणालाच ऐकेना. आधी एक उचलायचा, आणि मग तुम्ही काहीही करा, तुमच्यापुढं सहा, नाही तर तीन ठेवायचा. त्याला हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरी कागद घेऊन बसलो होतो. अभ्यासात मागं पडलेल्या मुलांची यादी करायची असते. तिच्यात या मुलीचं नाव दर वर्षी असतं आणि पुढं लिहिलेलं असतं, 'भागाकार येत नाही'. भागाकार शिकवला जातो तेव्हा ती कुठं असते? उसाच्या फडात, कोपीपाशी, धाकट्या भावाला सांभाळत. दुसरीतले पाढे पक्के होतात तेव्हाही तिथंच. तिच्या भागाकाराचे मणी काढत बसण्यात काय अर्थ होता? दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीनंतर मी तिला मागं घेऊन गेलो. चौथीतून तिसरीत, तिसरीतून दुसरीत. सहाचा पाढा, सातचा पाढा, हातच्याची वजाबाकी. पाढे तिला येत नव्हते, पण मोळ्यांचा हिशोब ती तोंडी करायची. किती मोळ्यांचा ढीग, किती गाडीत चढल्या, किती उरल्या. वजाबाकी तर तिच्या हातात होतीच, फक्त कागदावर नव्हती.

इकडे वर्गात पोरांनी दुसरा डब्बूराव मांडला. याला शिक्षा नाही, नुसतं बक्षीस. जिंकला तर प्रत्येक उघडलेल्या डबीत त्याच रंगाचा एक मणी जास्तीचा. पोरांना हा फार आवडला. पण मधल्या सुट्टीत पहिलीची चिल्लीपिल्ली येऊन त्याच्याशी खेळली. ती कशीही खेळायची, त्यामुळे डब्बूराव भलतंसलतं उचलूनही जिंकायचा, आणि त्या भलत्या खेळीलाच मणी मिळायचे. परत चौथीच्या पोरांशी गाठ पडली तेव्हा त्याची दाणादाण! खेळगडी कुणाशी खेळून शिकला यावर बरंच अवलंबून असतं.

तिसऱ्या गटाला जिंकण्याहरण्याचा कंटाळा आला होता. त्यांना डाव लांबवायचा होता. त्यांनी नियम केला की डब्बूरावाच्या जितक्या पाळ्या जास्त, तितके मणी जास्त. झालं! हळूहळू लाल मणी साठत गेले, आणि तो दर वेळी एकच उचलायला लागला. समोरचाही एकच उचलू लागला तर दहा, नऊ, आठ करत शेवटचा चिंचोका नेमका समोरच्याच्या हातात जायचा. डब्बूराव खुशाल हरायचा आणि मणी मिळवायचा. त्याचं चुकत होतं का? मुळीच नाही. त्याला जे मागितलं ते तो देत होता.

असाच प्रकार मोठ्या संगणकांवरही झालेला आहे. २०१६ साली अमेरिकेतल्या ओपनएआय या संस्थेनं बोटींच्या शर्यतीच्या खेळात एक खेळगडी सोडला. वाटेतल्या वस्तूंना धडकलं की गुण मिळायचे. त्या पठ्ठ्यानं शर्यत पूर्ण करायचा नादच सोडला. एका खाडीत गोल गोल फिरत राहिला, परत परत उगवणाऱ्या त्याच वस्तूंना धडकत राहिला. बोटीला आग लागत होती, ती भलत्या दिशेला जात होती, दुसऱ्या बोटींवर आपटत होती, पण गुण मात्र शर्यत पूर्ण करणाऱ्या माणसांपेक्षा जास्त! आमच्या पोरांना ही गोष्ट सांगितली तर एक जण म्हणाला, "सर, तो तर आपल्या तिसऱ्या गटातला हाय."

आणि तीनच्या डबीचा प्रश्न? तोही तिथं आहेच. लंडनच्या डीपमाइंड कंपनीनं २०१५ साली एक खेळगडी जाहीर केला. जुन्या अटारी यंत्रावरचे ४९ खेळ त्याला दिले होते. पडद्यावर दिसतं ते चित्र आणि मिळालेले गुण, याखेरीज त्याला काही सांगितलं नव्हतं. विटांची भिंत फोडायच्या खेळात त्यानं एका कडेनं बोगदा पाडून चेंडू भिंतीच्या वर पाठवायची युक्ती शोधून काढली. पण त्यातल्याच एका खेळात त्याला भोपळा मिळाला, शून्य गुण. त्या खेळात शिडी उतरायची, दोरावर लोंबकळायचं, कवटी चुकवायची, आणि एवढं सगळं बरोबर जमलं तरच किल्ली हाती लागून पहिले गुण मिळायचे. मधल्या एकाही बरोबर पावलाला कुणी शाबास म्हणत नाही. मग ते पाऊल बरोबर होतं हे त्याला कळणार कसं?

पुढची मजल तुम्ही ऐकली असेल. मार्च २०१६ मध्ये सोल शहरात अल्फागो नावाच्या खेळगड्यानं 'गो' या खेळातल्या ली सेडोल या मोठ्या खेळाडूला ४-१ असं हरवलं. तो आधी माणसांचे डाव बघून शिकला होता. २०१७ साली त्याचा धाकटा भाऊ आला. त्याला माणसांचा एकही डाव दाखवला नव्हता, फक्त नियम दिले होते. तो स्वतःशीच खेळून शिकला आणि थोरल्यापेक्षा सरस निघाला. आज बुद्धिबळाची तयारी करणारी मुलंमुली संगणकाशिवाय सराव करत नाहीत. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियात बाटुमी इथं महिलांचा विश्वचषक जिंकणारी आपली नागपूरची दिव्या देशमुख अशाच पिढीतली.

मला स्वतःला आवडलेलं काम मात्र फुटबॉलचं आहे. मुंबईला पवईच्या आयआयटीत प्राध्यापक शिवराम कल्याणकृष्णन हे खेळगड्यांचं शास्त्र शिकवतात. २००६ साली ते अमेरिकेत ऑस्टिनला शिकत होते. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी संगणकातल्या मैदानाचा अर्धा भाग घेतला. चार जण चढाई करणारे आणि पाच जण अडवणारे. चढाईचा प्रत्येक गडी स्वतंत्र, आपल्यापुरतं बघणारा, आपल्यापुरतं ठरवणारा. पण चेंडू ज्याच्याकडं तोच शिकणार, बाकीचे नुसते बघे. मग त्यांनी असं केलं की ज्याला जो अनुभव आला तो त्यानं बाकीच्यांना सांगायचा. त्यामुळे शिकणं झपाट्यानं झालं.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पोरांनी लगेच विचारलं, "म्हणजे सर, परीक्षेत?" परीक्षेत नाही, म्हटलं.

आता सहामाही परीक्षा झाली आहे. त्या मुलीचा भागाकार पुरता आलेला नाही. भाजक एक अंकी असला तर जमतं, दोन अंकी आला की ती पेन्सिल चावत बसते. तिच्या वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली आहे, तेव्हा दिवाळीनंतर जाणं ठरलेलंच आहे. आजी असती तर ती गावात राहिली असती. मी घरी जाऊन बोललो. तिची आई म्हणाली, "सर, तिला ठेवून जावं वाटतंय, पर कुणापाशी ठेवावं? आन धाकट्याला कोण बघंल?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तिसरीचं आणि चौथीचं गणिताचं पुस्तक दिलं, पाढ्यांचा एक कागद करून दिला. तिच्या वडिलांकडं मोबाईल आहे. रविवारी संध्याकाळी फोन करायचा असं ठरलं आहे, रेंज मिळाली तर.

परवा शाळा सुटल्यावर ती थांबली होती. तिला डब्बूराव पाहिजे होता. "कोपीवर लई पोरं असत्यात सर, त्यांच्यासंगं खेळते." मी डब्या काढून दिल्या. ती म्हणाली, दहानं डाव लवकर संपतोय, एकवीस चिंचोके घेते. मी विचारलं, मग रिकाम्या होणाऱ्या डब्या कोणत्या?

ती बोटं मोजत गेली. "तीन, सहा, नऊ, बारा, पंधरा, अठरा. आन एकवीस." जरा थांबून म्हणाली, "म्हणजे एकवीस असले तर आपण आधी खेळायचंच नाही. पुढच्याला म्हणायचं, तू घे."

"आणि वीस असले तर?"

"मग आपण आधी. दोन उचलायचे."

"आणि शंभर?"

तिनं फळ्याकडं बघितलं. खडू घेतला. मोठ्ठा भागाकार मांडला, शंभर भागिले तीन, आणि करत बसली. बाहेर तिचा भाऊ दारात उभा राहून हाका मारत होता. तेहतीस आले, खाली एक उरला.

"एक उचलायचा," ती म्हणाली, आणि डब्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून निघाली.